बेदाण्याच्या थंडीमागचे कायदे

कवठे महांकाळ, तासगाव, मिरज या पट्ट्यात उन्हाळा लागला की द्राक्षे शेडवर चढतात. वाळलेला बेदाणा शीतगृहात जातो आणि तिथल्या थंडीत रंग टिकवून सौद्याची वाट पाहतो. ही थंडी ज्या वायूंनी दिली, त्यांच्यामागे कायद्याची मोठी वंशावळ आहे.

मूळपुरुषांपैकी एक अमोनिया. १८७० च्या दशकात जर्मन अभियंता कार्ल फॉन लिंडे याने त्यावर चालणारा कॉम्प्रेसर घडवला. उणे ३३ अंशांवर उकळणारा हा वायू भरपूर उष्णता ओढतो, पण विषारी आहे. म्हणून १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांच्या चमूने घरगुती फ्रीजसाठी बिनविषारी, न पेटणारे सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन) वायू पुढे आणले. ते ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. त्यातून १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला.

भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. प्रदूषणाबाबत राज्य आणि केंद्र यांची सांगड आपल्याकडे आधीही घालावी लागली होती. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला आणि १९८१ मध्ये केंद्राचा स्वीकारला. वायूंबाबत तो वळसा पडला नाही. आंतरराष्ट्रीय करारासाठी देशभर लागू होणारा कायदा करण्याचा अधिकार संविधानाचे कलम २५३ संसदेला देते. ओझोन नियम २००० साली केंद्रानेच, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केले.

सीएफसी गेले, त्यांच्याच कुळातला आर-२२ हा वायू जाण्याच्या वाटेवर आहे. सीएफसीच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमान वाढवतो. म्हणून २०१६ ची किगाली दुरुस्ती आली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली; २०४७ पर्यंत अशा वायूंचा वापर ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे.

अमोनिया या साऱ्या याद्यांबाहेर राहिला. तो ओझोनला अपाय करत नाही, हवा तापवत नाही; देशातली बहुतेक मोठी शीतगृहे त्याच्यावरच चालतात. मात्र गळती झाली तर कॉम्प्रेसरजवळच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. तिथे देखरेख राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची.

म्हणजे आभाळाची काळजी दिल्लीकडे आणि कामगाराची मुंबईकडे. खरी सांगड इथे घालायची आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतलन आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट होते. त्या प्रशिक्षणात नव्या वायूंइतकेच अमोनियाचे मुखवटे, गळतीसूचक आणि बाहेर पडण्याची वाट शिकवली गेली पाहिजे, आणि ते तालुक्याच्या गावातल्या शीतगृहापर्यंत पोचले पाहिजे.