एक व्रण, तीन गोष्टी

‘द लायन किंग’मधल्या स्कारच्या डाव्या डोळ्यावरचा तो व्रण आठवतोय? तो कसा आला, असं कुणी विचारलं तर काय सांगाल?

१९९४ च्या मूळ चित्रपटात याचं उत्तरच नाही. पण नंतर एक सोडून तीन उत्तरं मिळाली. त्याच वर्षी निघालेल्या ‘सिक्स न्यू ॲडव्हेंचर्स’ या मुलांच्या पुस्तकमालेत स्कार मुफासाला रानरेड्यांशी झुंजायला लावायचा डाव रचतो, आणि तो त्याच्याच अंगाशी येतो. ‘द लायन गार्ड’ या टीव्ही मालिकेत एक परका सिंह त्याला फसवतो आणि नाग त्याला चावतो. २०२४ च्या ‘मुफासा’मध्ये (आपल्यापैकी अनेकांनी तो शाहरुखच्या आवाजात हिंदीतच पाहिला असेल) तो मुफासाला वाचवायला मध्ये पडतो आणि तिथे त्याला जखम होते.

पहिल्या गोष्टीत व्रण म्हणजे केल्या कर्माचं फळ, दुसरीत फसवणुकीची खूण, तिसरीत चक्क त्यागाची. खरी कोणती?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी याच प्रश्नामागे लागलो होतो. मूळ चित्रपट आणि त्याची पिल्लं, म्हणजे पुढचे भाग, मालिका आणि पुस्तकं, यांच्यातल्या विसंगतींचा मोठा तक्ता केला होता. शेवटच्या रकान्याचं नाव ‘चूक’. माझ्या गाईडनी तो पाहिला, ‘चूक’ या शब्दावर काट मारली आणि विचारलं, “चूक कुणाची?” मला उत्तर देता आलं नाही. आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

दुसरं उदाहरण घेऊ. मूळ चित्रपटाच्या शेवटी रफिकी सिम्बा आणि नालाचं पिल्लू उंच धरतो. मुलगा की मुलगी, नाव काय, काहीच सांगितलेलं नाही. १९९४ च्या पुस्तकमालेत तो मुलगा आहे, कोपा नावाचा. १९९८ मध्ये ‘सिम्बाज प्राइड’ हा दुसरा भाग आला, त्यात ती मुलगी आहे, कियारा. टिमॉन आणि पुम्बा आधी तिला मुलगाच समजतात, हा तिथला विनोद. कोपाचा उल्लेखही नाही. २०१५ मध्ये ‘द लायन गार्ड’ आली आणि कियाराला अचानक कियॉन नावाचा धाकटा भाऊ मिळाला. दुसऱ्या भागात तर हा भाऊ कुठेच दिसत नाही!

आता या वस्तू बनवल्या कुणी ते बघा. मूळ चित्रपट डिस्नेच्या मुख्य ॲनिमेशन विभागाचा, थिएटरसाठी केलेला. ‘सिम्बाज प्राइड’ टीव्ही ॲनिमेशन विभागाचा, थेट व्हिडिओ कॅसेटवर विकण्यासाठी, आणि त्याचं बरंचसं ॲनिमेशन ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या स्टुडिओत झालं. पुस्तकं घरी वाचणाऱ्या मुलांसाठी. ‘द लायन गार्ड’ तर अगदी छोट्या मुलांच्या वाहिनीसाठी. चार कामं, चार गिऱ्हाइकं. ‘चूक’ म्हणायची तर आधी असं मानावं लागतं की एकच लेखक सगळं लिहितोय आणि मधेच विसरतोय. इथे तसा एक लेखकच नाही. आपण ज्याला विसंगती म्हणतो, तो दोन कारखान्यांमधला सांधा आहे. जुन्या पोथ्यांमधल्या पाठभेदांकडे आपण जसं पाहतो, तसंच याच्याकडेही पाहायला हवं. पाठभेदावरून नक्कल कुणी, कुठे केली याचा माग लागतो.

आणि सांधा बुजवायचे प्रयत्नही वाचता येतात. ‘द लायन गार्ड’च्या शेवटच्या पर्वात कियॉन आणि त्याचे सोबती दूरच्या प्रवासाला निघतात. परत येतात तोवर ‘सिम्बाज प्राइड’मधल्या मोठ्या घडामोडी होऊन गेलेल्या असतात. म्हणजे १९९८ च्या चित्रपटात भाऊ का दिसत नाही, याचं कारण वीसेक वर्षांनी रचलं गेलं. कोपाच्या नशिबी तेवढंही आलं नाही. मग चाहत्यांनीच ती जागा भरली: सिम्बाची वैरीण झिरा हिने त्याला मारलं असावं, असा तर्क इंटरनेटवर अजून फिरतोय.

पण सगळ्यात मजेशीर गोष्ट पुढे आहे. कोपाला ज्या पुस्तकमालेनं जन्म दिला, त्याच मालेत स्कारचं मूळ नाव ‘टाका’ असं दिलं होतं. पुढच्या भागानं त्या पुस्तकांना जुमानलं नाही, कोपा गेला. आणि तीस वर्षांनी ‘मुफासा’मध्ये स्कारचं नाव काय? टाका! रेडे मात्र गाळले आणि सख्ख्या भावाचा मानलेला भाऊ केला. ‘मुफासा’ हा २०१९ च्या नव्या आवृत्तीचा पूर्वभाग आहे, म्हणजे तो जुन्या चित्रपटाला बांधील नाही, हे खरं. तरी त्यानं जुन्या ऐवजातून हवं ते उचललं आणि नको ते ठेवून दिलं. अधिकृत काय, हे असं मागाहून ठरतं. आणि ते ठरवतो शेवटी येणारा.

मला यात खटकतं ते एवढंच. सिडनीचा तो स्टुडिओ २००६ मध्ये बंद झाला. तिथल्या लोकांनी हातानं काढलेली हजारो चित्रं आज ‘दुसऱ्या भागातल्या चुका’ अशा याद्यांमध्ये उरली आहेत. माझ्या तक्त्यातही ती तशीच होती. एका शब्दानं मी त्यांचं काम निकालात काढलं होतं, आणि मला वाटत होतं की मी इतिहास लिहितोय.

तर तो रकाना अजून आहे, फक्त त्याचे तीन झाले आहेत: कुणी केलं, केव्हा केलं, कुणासाठी केलं. पुढच्या वेळी एखाद्या सिक्वेलमध्ये गडबड सापडली की हसा जरूर, मीही हसतो. पण मग हे तीन प्रश्न विचारून बघा. व्रणाची खरी गोष्ट त्यातून कळणार नाही. ती प्रत्येक वेळी नव्यानं का सांगावी लागली, ते मात्र कळेल.