पाहणारा आणि पाहिलेले गाव

समाजशास्त्राच्या संशोधनपद्धतींत निरीक्षण ही सर्वांत जुनी व वरकरणी सर्वांत सोपी पद्धत होय. तिला छापील प्रश्नावली लागत नाही, की आकडेमोड लागत नाही. गावात जाऊन राहावे, डोळे व कान उघडे ठेवावेत, रात्री टिपण लिहावे, इतकेच. परंतु जे कोणासही करता येते, तेच शास्त्र म्हणून करणे किती दुर्घट असते, हे या पद्धतीचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते. आम्हां सरकारी नोकरांस तर हा इतिहास घरचाच. कारण आपल्याकडील ग्रामनिरीक्षणाचा पुष्कळसा आरंभ अंमलदारांच्याच दप्तरातून झाला आहे.

1915 या साली दोन गोष्टी घडल्या. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हा पोलिश अभ्यासक ट्रोब्रियांड बेटांवर उतरला, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ प्रसिद्ध झाला. दोघांस एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. मॅलिनोव्स्कीने लोकांत तंबू ठोकून, त्यांची भाषा शिकून दीर्घकाळ राहण्याचा पायंडा पाडला व जगभर तो या पद्धतीचा आद्य आचार्य मानला गेला. आत्रे मुलकी खात्यातले. वतनदार, बलुतेदार, फिरस्ते या सर्वांचा भार अखेर कुणब्याच्या खळ्यावर कसा पडतो, हे त्यांनी ज्या बारकाईने दाखविले, ती बारकाई एखाद्या कमिशनच्या अहवालात सहसा आढळत नाही. साक्षीदार जबानीत सांगतो ते एक, आणि खळ्यावर प्रत्यक्ष घडते ते दुसरे; या दोहोंतील अंतर केवळ डोळ्यांनाच दिसते. निरीक्षणाचे खरे बळ हेच.

पण आत्र्यांच्याच लेखनात या पद्धतीचे वैगुण्यही उघड होते. फिरस्त्या जमातींविषयी ते लिहितात तेव्हा पाहणारे डोळे त्यांचे असले, तरी चष्मा 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा आहे. त्या कायद्याने कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, आणि तो रद्द होण्यास 1952 साल उजाडावे लागले. अंमलदारापुढे पाल उठवून निघून जाणारा माणूस त्यास संशयास्पदच दिसणार! तो आपल्यालाच भिऊन निघाला, हे त्याच्या टिपणात येत नाही. मॅलिनोव्स्कीही यातून सुटला नाही. त्याची खासगी दैनंदिनी मृत्यूनंतर, 1967 मध्ये छापली गेली. ज्या बेटवासीयांचे त्याने सहानुभूतीने वर्णन केले, त्यांच्याविषयीचा त्याचा वैताग व तिटकारा तीत पाहून विद्वज्जन चपापले.

यावर उपाय म्हणून मोजणीकडे वळावे, तर तिची कथा निराळीच. 1901 च्या जनगणनेत रिस्ले साहेबांनी जातींची सामाजिक उतरंड लावू पाहिली. परिणाम असा झाला, की वरचा दर्जा मिळावा म्हणून ठिकठिकाणच्या जातींचे अर्ज सरकारात येऊ लागले. मोजणारा जे मोजू गेला, ते मोजणीनेच हलले. (अर्जांचा ढीग उपसण्याचे काम कोणाकडे आले असेल, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.)

डॉ. घुर्ये यांच्या मुंबईच्या विभागातून पुढे आलेले म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावी जाऊन राहिले. त्यांनी गावास ‘रामपुरा’ असे टोपणनाव दिले. ग्रंथांतील चार वर्ण तेथे कामाचे नव्हते. संख्या व जमीन ज्यांच्या हाती, त्या ओक्कलिग शेतकऱ्यांचा शब्द गावात चाले. ‘प्रबळ जात’ ही त्यांची कल्पना अशा अनुभवातून आली. ती कोणत्याही प्रश्नावलीत आधी घालता आली नसती, कारण प्रश्न विचारण्यास प्रथम तो सुचावा लागतो. मात्र श्रीनिवास ब्राह्मण, शिवाय पाटलाच्या आश्रयाने राहिलेले. हरिजनवाड्यात त्यांचा वावर बेताचा राहिला आणि स्त्रियांचे जग त्यांस बहुतांशी बंदच होते. ही मर्यादा त्यांनी स्वतः मोकळेपणाने नोंदविली आहे. आमच्या मते पाटलाच्या ओसरीवरून दिसणारे गाव खोटे नसते. ते पाटलाचे गाव असते.

एकच गाव दोघांनी पाहिले तर काय होते? मेक्सिकोतील तेपोस्त्लान येथे रॉबर्ट रेडफील्ड 1926 मध्ये गेले. त्यांस सलोख्याने नांदणारा समाज दिसला. 1943 मध्ये ऑस्कर लुईस गेले. त्यांस दारिद्र्य, भांडणे व परस्परांविषयीचा अविश्वास दिसला. मधल्या काळात गाव बदलले होते, हे खरे. पण भेद तेवढ्याने मिटत नाही. रेडफील्ड यांनी पुढे मान्य केले, की लोक कशात आनंद मानतात हा त्यांच्या मनातला प्रश्न होता, तर लोक कशाने पिडले आहेत हा लुईस यांचा. रेडफील्ड यांच्या या कबुलीस आम्ही फार मोल देतो. दोघांपैकी कोणीही लबाडी केली नव्हती, आणि एकाच्या पुस्तकावर विसंबून त्या गावाविषयी काही योजना आखणारा मात्र फसला असता.

श्रीनिवास यांच्या टिपणांची अखेर विलक्षण झाली. 1970 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील संस्थेला कोणी आग लावली, आणि विषयवार लावलेल्या त्यांच्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. सोल टॅक्स या मानवशास्त्रज्ञाने सुचविल्यावरून त्यांनी स्मरणाच्या आधारे पुस्तक लिहावयास घेतले व 1976 मध्ये ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ प्रसिद्ध झाले. तक्ते त्यात फारसे नाहीत. पाटील, त्याचे स्नेही, त्यांचे रुसवेफुगवे मात्र भरभरून आहेत. पाहून अठ्ठावीस वर्षे लोटल्यावर छापलेल्या या गावास निरीक्षण म्हणावे की आठवण, यावर विद्वानांत पुढे पुष्कळ चर्चा झाली.