निओ फिल्म्स : ‘चक्र’ ते ‘आघात’

‘अर्धसत्य’चा विषय निघाला की गोविंद निहलानी, विजय तेंडुलकर, ओम पुरी ही नावं लगोलग येतात. पैसा कोणी घातला, हे सहसा कोणी विचारत नाही. तो घातला मनमोहन शेट्टी आणि प्रदीप उप्पूर यांच्या निओ फिल्म्सने.

शेट्टी मूळचे लॅबवाले. 1978 मध्ये सुरू झालेली त्यांची ‘ॲडलॅब्ज’ म्हणजे फिल्म धुऊन प्रिंट काढून देणारा धंदा. असा माणूस निर्मितीत उतरला तर खपाऊ मसाला निवडेल, असंच कुणालाही वाटलं असतं. निओने मात्र उचलली जयवंत दळवींची कादंबरी. तिच्यावरच्या, रवींद्र धर्मराज दिग्दर्शित ‘चक्र’ला 1981 मध्ये लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय.

मग 1983 मध्ये ‘अर्धसत्य’. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा तेंडुलकरांची, कॅमेराही निहलानींचाच. यातला ओम पुरींचा अनंत वेलणकर लाचखाऊ फौजदार नाही, आणि गोष्टीची सगळी धार इथेच आहे. त्याच्या अधःपाताची सुरुवात वशिल्याने होते. खात्यातलं बालंट टळावं म्हणून त्याचा वरिष्ठ हैदर अली दिल्लीत ओळख असलेल्या मध्यस्थाला गाठतो आणि वेलणकर ते चालवून घेतो. पुढे मोठ्या कामगिरीचं श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडतं, दारू वाढते आणि कोठडीत एक भुरटा चोर त्याच्या मारानं मरतो. आता सुटका हवी तर गुंड रामा शेट्टीच्या दारात जायचं; ज्याला बेड्या घालायला गेला होता, त्याच्याच! पोलिसाला झुलवणारा सदाशिव अमरापूरकरांचा हा दादा आजही अंगावर येतो. निलंबित माईक लोबोच्या रूपात वेलणकराचं भविष्य आधीच रस्त्यावर लडखडत असतं; नसीरुद्दीन शाह तिथे मोजक्या दृश्यांत चित्रपट खाऊन जातात. ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कार्लोव्ही व्हॅरी महोत्सवातही अभिनयाचा सन्मान झाला.

त्यानंतर निओने काढला 1984 मध्ये प्रकाश झांचा ‘हिप हिप हुर्रे’, 1985 मध्ये कामगार संघटनांमधल्या चढाओढीवरचा ‘आघात’. तो पुन्हा निहलानी-तेंडुलकर जोडीचाच. मनमोहन शेट्टींचा व्याप पुढे वडाळ्याच्या आयमॅक्सपर्यंत आणि खोपोलीच्या इमॅजिकापर्यंत वाढला. ॲडलॅब्ज 2005 मध्ये अनिल अंबानींच्या रिलायन्सकडे गेली. पैशाच्या हिशेबात हे टप्पे मोठे असतील. माझ्या लेखी निओची ही चार-पाच वर्षंच मोठी. ‘अर्धसत्य’ बहुतेकांनी पाहिलेला असतो. पानवलकरांची ‘सूर्य’ मात्र मिळवून वाचा.