क्वार्टरबॅक : अदलाबदल आणि करार

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅकच्या हाती असतात. त्यामुळे नॅशनल फुटबॉल लीगचा मोसम फेब्रुवारीत संपला, की सर्वाधिक चढाओढ याच खेळाडूसाठी लागते. मार्चच्या मध्यास लीगचे नवे वर्ष सुरू होते आणि ठरलेले सौदे पक्के होतात.

संघांच्या वेतनखर्चावर १९९४ पासून कमाल मर्यादा आहे. २०२४ साली ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. सहीच्या वेळी ठरलेला बोनस हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो. मात्र खेळाडूला मुदतीआधी सोडले, तर उरलेला बोजा संघाच्याच माथी येतो. डेन्व्हर ब्रॉन्कोजने २०२४ मध्ये रसेल विल्सनला मुक्त केले, तेव्हा तो सुमारे साडेआठ कोटी डॉलर भरला.

अदलाबदलीत पैशाऐवजी खेळाडू आणि नवोदितांच्या निवडीचे हक्क दिले जातात. लॉस एंजेलिस रॅम्सने २०२१ मध्ये जॅरेड गॉफ, पहिल्या फेरीचे दोन व तिसऱ्या फेरीचा एक हक्क देऊन डेट्रॉइट लायन्सकडून मॅथ्यू स्टॅफर्डला घेतले. त्याच मोसमात रॅम्सने सुपर बोल जिंकला.

सगळेच सौदे असे फळत नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने मिळवलेला ॲरन रॉजर्स पहिल्याच सामन्यात, चौथ्या डावपेचाला टाचेची शीर तुटून मोसमाबाहेर गेला.

करारातील संपूर्ण रकमेची हमी एरवी दुर्मीळ. क्लीव्हलँड ब्राउन्सने २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलरांची अशी हमी दिली.