रेशनकार्डाचा रंग आणि टिटवाळा-खडवलीमधली रेघ

कल्याणहून कसारा लोकल पकडलीत की शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेत येतं. खडवली त्याच कल्याण तालुक्यात, भातसा नदीच्या काठी, पण ग्रामीण भागात. दोन स्टेशनांत जेमतेम काही मिनिटांचं अंतर. तरीही २०१४ नंतर वर्षाला ५०,००० रुपये मिळवणारं कुटुंब टिटवाळ्यात राहत असेल तर रेशनच्या सवलतीच्या धान्याला पात्र ठरू शकतं, आणि खडवलीत राहत असेल तर त्याच उत्पन्नावर अपात्र ठरतं.

असं का झालं, हे समजायला मागे जावं लागतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पेट झाली आहे आणि आता सिनॉप्सिस लिहायचाय. ‘अमुक योजनेचा लाभार्थ्यांवरील परिणाम’ असा विषय घ्यायचा मोह होतो. त्याआधी एक जुनी योजना नव्या योजनेत कशी बदलते, ते नीट पाहायला शिका. रेशन हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्याची कागदपत्रं घराघरांत आहेत.

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं. तिथे आकड्यापुढे एकक लिहिलं नाही तर गुण कापतात. कल्याणकारी योजनांचा इतिहास वाचताना मला तीच सवय उपयोगी पडली. कुठलीही योजना बदलली की मी तीन गोष्टी तपासतो: एकक कोणतं, उंबरठा किती आणि पुरावा कशाचा.

आधी थोडा इतिहास

मुंबईत रेशनिंग सुरू झालं मे १९४३ मध्ये. दुसरं महायुद्ध चालू होतं, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता आणि त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. तेव्हाच्या रेशनिंगचा हेतू गरीब शोधणं हा नव्हताच. धान्य कमी होतं, ते शहरातल्या सगळ्यांना मोजून द्यायचं होतं. स्वातंत्र्यानंतर नियंत्रणं उठली, पुन्हा बसली, १९५४ मध्ये रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना पुन्हा उठली. मग अमेरिकेचा पीएल-४८० गहू आला, १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं आणि रास्त भाव दुकानांचं जाळं गावोगाव पसरलं. १९७२ च्या दुष्काळातली मिलो ज्वारी आजी-आजोबांना अजून आठवते, तीही याच जाळ्यातून आली.

या सगळ्या काळात रेशनकार्ड एवढंच सांगायचं की हे कुटुंब इथे राहतं. ते गरीब आहे की श्रीमंत, हे कार्ड सांगत नव्हतं.

जून १९९७ मध्ये ते बदललं. केंद्राने ‘लक्ष्यनिर्धारित’ सार्वजनिक वितरण व्यवस्था आणली. दारिद्र्यरेषेखालचे वेगळे, वरचे वेगळे, भावही वेगळे. महाराष्ट्राच्या वाट्याला दारिद्र्यरेषेखालच्या ६५.३४ लाख कुटुंबांचा इष्टांक आला. इष्टांक हा पुरवठा खात्याचा शब्द लक्षात ठेवा. आधी संख्या ठरते आणि मग त्या संख्येत बसणारी कुटुंबं शोधली जातात.

ती शोधण्यासाठी राज्याने १ मे १९९९ पासून तिरंगी कार्डं आणली. ढोबळमानाने सांगायचं तर वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर पिवळं. १५,००१ ते १ लाखापर्यंत केशरी. १ लाखाच्या वर उत्पन्न, किंवा दारात चारचाकी, किंवा ४ हेक्टर बागायत जमीन असेल तर पांढरं. डिसेंबर २००० मध्ये सगळ्यांत गरीब कुटुंबांसाठी अंत्योदय योजना आली. २ मे २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या याचिकेत आदेश दिला आणि आदिम जमातींना अंत्योदयात घ्यायला सांगितलं. महाराष्ट्रात अशा तीन जमाती आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. खडवली, टिटवाळा, वासिंद, शहापूर या पट्ट्यातल्या कातकरी वाड्यांच्या दृष्टीने हा आदेश फार मोठा होता.

पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. आपल्याला पाहायचं आहे ते हे स्थित्यंतर.

एकक: कुटुंब की माणूस?

जुन्या पद्धतीत पिवळ्या कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य होतं, घरात माणसं कितीही असोत. नव्या कायद्याने दोन गट केले. अंत्योदय कुटुंबाला आधीसारखंच ३५ किलो. ‘प्राधान्य कुटुंबा’ला मात्र माणशी ५ किलो. दारिद्र्यरेषेखालची बाकीची पिवळी कार्डं या दुसऱ्या गटात गेली.

आता कागद घ्या आणि गणित करा. घरात सात माणसं असतील तर ७ गुणिले ५, म्हणजे ३५. काहीच फरक नाही. नऊ असतील तर ४५ किलो, फायदा. पाच असतील तर २५ किलो, म्हणजे १० किलो कमी.

पण भावही उतरले होते. आधी पिवळ्या कार्डावर गहू ५ आणि तांदूळ ६ रुपये किलो होता, तो नव्या कायद्याने २ आणि ३ रुपये झाला. उदाहरणापुरतं धरा की ३५ किलोत २० किलो गहू आणि १५ किलो तांदूळ होता, तर बिल १९० रुपये. नव्या हिशोबाने पाच जणांना १५ किलो गहू आणि १० किलो तांदूळ, बिल ६० रुपये. वाचले १३० रुपये, कमी झालं १० किलो धान्य. म्हणजे बाजारात धान्य १३ रुपये किलोने मिळालं तरच हे कुटुंब होतं तिथे राहतं. त्याहून महाग असेल तर दर उतरूनही त्याचं नुकसान आहे.

‘नव्या योजनेत लाभ वाढला की घटला?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, ते यामुळे. मोठ्या एकत्र कुटुंबाला वाढला, छोट्या कुटुंबाला घटला, आणि केशरी कार्डवाल्यांपैकी जे नव्याने आत आले त्यांना तर खूपच वाढला, कारण ते आधी गव्हाला ७.२० आणि तांदळाला ९.६० रुपये देत होते. सरासरी काढलीत तर हे तिन्ही अनुभव एकमेकांत विरघळून जातील. प्रश्नावली बनवताना कुटुंबातल्या माणसांची संख्या आणि २०१४ पूर्वीच्या कार्डाचा रंग हे दोन रकाने ठेवाच.

उंबरठा: ४४,००० आणि ५९,०००

केशरी कार्डवाल्यांपैकी प्राधान्य गटात कोणाला घ्यायचं, यासाठी राज्याने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली: ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,०००. सुरुवातीची रेघ हीच. ४४,००० म्हणजे अख्ख्या कुटुंबाचे दिवसाला साधारण १२० रुपये, आणि ५९,००० म्हणजे साधारण १६२.

इथे एक गंमत आहे. कायद्याखाली महाराष्ट्राच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के लोक घ्यायचे होते आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के. मिळून सुमारे ७ कोटी. म्हणजे ग्रामीण भागात दार जास्त रुंद, पण उंबरठ्याची मर्यादा कमी. वरवर उलटं वाटतं, पण राज्यभराच्या सरासरीत ते बसतं, कारण ग्रामीण उत्पन्न कमी असतं आणि कमी मर्यादेतही जास्त लोक मावतात.

ते खडवलीला किती बसतं, हा खरा प्रश्न. खडवली कागदावर ग्रामीण आहे. पण इथली माणसं लोकलने ठाणे-मुंबईला कामाला जातात, किराणा आणि औषधं शहराच्या भावाने घेतात. गडचिरोलीतल्या गावाला आणि खडवलीला एकच ४४,००० चा आकडा लावला. लोकलच्या दोन स्टेशनांमधून गेलेली रेघ अर्थव्यवस्थेची नाही, प्रशासनाची आहे. कार्यालयंही वेगळी: कल्याण-डोंबिवली शहर मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात, शिधावाटप नियंत्रकांकडे; ग्रामीण कल्याण तालुका तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे.

दुसरं, हे इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बसवलेले आहेत. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ मध्ये आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून लोक मध्य रेल्वेने पुढे पुढे सरकत गेले, त्या पट्ट्यात लोकसंख्या वाढली, तरी मोजायची पट्टी जुनीच. नव्या अर्जदाराला उत्पन्न मर्यादेत असूनही ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर मिळू शकतं.

पुरावा: दाखला, शिक्का, अंगठा

१९९९ मध्ये पुरावा म्हणजे उत्पन्नाचा दाखला आणि यादीतलं नाव. २०१४ मध्ये पात्र कार्डांवर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का बसला. कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या ज्येष्ठ स्त्रीचं नाव लावायचं, हेही नव्या कायद्यानेच ठरवलं. फेब्रुवारी २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर आधार आलं, मग दुकानात पॉस मशीन आणि अंगठा, आणि अलीकडे ई-केवायसी.

पुरावा बदलला की वगळला जाणारा माणूसही बदलतो. दाखल्याच्या काळात ज्याची तलाठ्याकडे ओळख नाही तो बाहेर राहायचा. अंगठ्याच्या काळात ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत तो अडतो. पावसाळा संपला की या भागातली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. चिखल आणि विटा हाताळून झिजलेली बोटं आणि वर्षातले सहा-सात महिने घरापासून दूर, या दोन्ही गोष्टी जुन्या पद्धतीच्या आड वेगळ्या प्रकारे यायच्या आणि नव्या पद्धतीच्या आड वेगळ्या प्रकारे येतात.

नव्या पद्धतीने काही सोपंही केलं, ते लिहिलं पाहिजे. पूर्वी धान्य फक्त आपल्याच दुकानात मिळायचं. आता ऑनलाइन नोंदीमुळे दुसऱ्या दुकानातूनही उचलता येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आंतरराज्य सोयीची पहिली चाचणी झाली, त्यातली एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरात होती. भट्टीवरच्या कुटुंबाला याचा उपयोग होऊ शकतो, अट एवढीच की नोंद जुळली पाहिजे. जानेवारी २०२३ पासून तर धान्य मोफत आहे. म्हणून आता भांडण किमतीचं उरलेलं नाही, यादीत नाव असण्याचं आहे.

जुनं जातं कुठे?

नवी योजना जुनीच्या जागी येते असं आपण म्हणतो. रेशनचे कागद वेगळं सांगतात. २०१४ च्या यादीत पिवळी कार्डं आपोआप आली आणि केशरीतली उत्पन्न पाहून आली. म्हणजे १९९९ च्या वर्गवारीवरच नवा कायदा उभा राहिला. तो रंग पुढे रेशनच्या बाहेरही गेला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचं नाव मिळालेल्या जनआरोग्य योजनेत पिवळं-केशरी कार्ड पाहून मोफत उपचार मिळायचे. २०२४ च्या ‘लाडकी बहीण’ योजनेत पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. २५ वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने ठरवलेला रंग अजून दार उघडतो किंवा बंद करतो. तेव्हा चुकून पांढरं कार्ड मिळालेल्या कुटुंबाला त्यानंतरच्या प्रत्येक योजनेत ती चूक नव्याने खोडावी लागते.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘जुनी योजना विरुद्ध नवी योजना’ अशी सरळ तुलना करू नका. जुनीतलं काय नवीत उतरलं, ते विचारा.

विषय शोधत असाल तर इथेच एक आहे. कल्याण ग्रामीणमधली २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये परत आत घेतली गेली. अन्न सुरक्षा कायदा लागू झाला तेव्हा ती ग्रामीण होती, पुढच्या वर्षी शहरी झाली. त्यांचा उंबरठा कोणता लागला, इष्टांक कुठून कुठे गेला, कार्यालय बदलताना कोणाची नावं गळली? शासन निर्णय संकेतस्थळावर मिळतात, दुकानवार वाटपाचे आकडे ऑनलाइन दिसतात, आणि सगळ्यांत जुना पुरावा लोकांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. जुन्या कार्डाची पानं बघायला मागा. शिक्के, खोडलेली नावं, हाताने घातलेल्या तारखा सगळं त्यात असतं. फक्त फोटो काढण्याआधी विचारा, आणि कार्ड क्रमांक तुमच्या नोंदींत उतरवू नका. त्या क्रमांकावर त्या घराचं महिन्याचं धान्य अवलंबून आहे.