शास्त्र कुणाचे, पंगत कुणाची : दिल्लीतील ख्रिस्ती प्रश्नोत्तरांचा इतिहास

भारतातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासलेखनात मिशनऱ्यांच्या चरित्रांना, चर्चच्या इमारतींना आणि धर्मांतरितांच्या संख्येला जेवढी जागा मिळाली, तेवढी सामान्य श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांना मिळालेली नाही. हे शास्त्र कुणाचे, ते आपल्यापर्यंत कसे आले, ते मानणाऱ्याने काय खावे आणि कुणाच्या पंगतीला बसावे, लग्न कसे लावावे, मृताचे अंतिम संस्कार कोणी करावेत, हे ते प्रश्न होत, आणि नव्या धर्माशी समाजाची खरी ओळख बहुतेक वेळा याच प्रश्नांच्या वाटेने झालेली आहे. मराठी वाचकाला या परंपरेचा एक आरंभ परिचयाचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यातील साष्टीच्या नवख्रिस्तींसाठी ओवीबद्ध मराठीत रचलेले, 1616 मध्ये छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ श्रोत्यांच्या शंका आणि पाद्रीगुरूने केलेले त्यांचे निरसन अशा पद्धतीने पुढे सरकते, आणि त्याच लेखकाची 1622 मध्ये प्रसिद्ध झालेली कोकणी पुस्तिका तर कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षणासाठी ठरावीक प्रश्न आणि त्यांची ठरावीक उत्तरे देणारी प्रश्नोत्तरी, याच प्रकारात मोडते. गोव्यात मात्र गुरू आधी आला, राज्यसत्ता त्याच्या पाठीशी होती आणि शंका नंतर उमटल्या. दिल्लीत हा क्रम उलटा होता. तेथे पुस्तक आधी पोहोचले, वाचक त्याच्याभोवती जमले, आणि उत्तर देणारा मागाहून धावत आला. दिल्लीच्या प्रश्नोत्तरांचे वेगळेपण या उलट्या क्रमात आहे.

11 सप्टेंबर 1803 रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि महादजींच्या काळापासून शिंद्यांच्या छायेखाली असलेली दिल्ली ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली. कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना सहजासहजी थारा देत नसे. 1813 च्या सनदी कायद्याने हे धोरण बदलले. तत्पूर्वीच बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी भाषांत बायबल छापण्याचा मोठा उद्योग आरंभला होता, त्यातून 1811 मध्ये हिंदी नवा करार बाहेर पडला, आणि हेन्री मार्टिन यांनी केलेले हिंदुस्तानी भाषांतर 1814 मध्ये छापले गेले. सेरामपूरच्या बॅप्टिस्ट मंडळींपैकी जॉन चेंबरलेन हे मेरठजवळच्या सरधना येथे तेथील सत्ताधारी बेगम समरूच्या आश्रयाला राहिले होते आणि 1814 मध्ये त्यांनी हरद्वारच्या मेळ्यात उपदेश करून पुस्तके वाटली होती. मेळ्यात हातात पडलेले असे पुस्तक यात्रेकरूंच्या गाठोड्यातून गावोगाव जाई, आणि ते कोठे जाऊन कोणी वाचले याचा पत्ता वाटणाऱ्यालाही नसे.

मे 1817 च्या पहिल्या आठवड्यात या अज्ञात प्रवासाचा एक टप्पा अचानक दृष्टीस पडला. मेरठचे धर्मगुरू हेन्री फिशर यांच्या हाताखाली आनंद मसीह नावाचे ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती उपदेशक काम करीत होते. दिल्लीबाहेर एका वनराईत अनेक गावांचे लोक जमून कसलेसे पुस्तक वाचीत आहेत, असे कळल्यावरून ते घाईने तेथे गेले. त्यांना सुमारे 500 स्त्रीपुरुष आणि मुले झाडांच्या सावलीत वाचन आणि चर्चा करीत बसलेली आढळली. वाचले जात होते ते शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र आणि शिकवण सांगणारा नव्या करारातील ग्रंथ. काही प्रती छापील होत्या, आणि छापील प्रती पुरेनात म्हणून त्यांवरून हाताने उतरवून घेतलेल्याही काही होत्या. लंडनच्या ‘मिशनरी रजिस्टर’ या नियतकालिकात 1818 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात या भेटीतील संवाद बऱ्याच तपशिलाने दिला आहे, आणि त्यात प्रश्न विचारण्याचा मान दोन्ही बाजूंकडे आहे, हे त्याचे मोठे मोल होय.

पुस्तक कोठून मिळाले, असे आनंद मसीह यांनी त्यांच्यातील एका वृद्ध गृहस्थाला विचारले, तेव्हा हरद्वारच्या मेळ्यात देवदूताने ते दिले, असे उत्तर आले. अधिक चौकशी करता तो देवदूत म्हणजे एक विद्वान पंडित होता, परंतु आपल्यापुरता तो देवदूतच, असा खुलासाही झाला. हे युरोपियन साहेबांचे शास्त्र असून त्यांनीच ते आपल्या भाषेत छापले, असे उपदेशकाने सांगताच श्रोत्यांनी ते नाकारले, कारण साहेब मांस खातात आणि मांस खाणाऱ्यांचे शास्त्र असे असू शकत नाही. अन्नाने मनुष्य विटाळत नाही, तोंडातून बाहेर पडते त्याने तो विटाळतो, या येशूच्या वचनाचा आधार आनंद मसीह यांनी दिला. श्रोत्यांना ते वचन पटले, तरीही देवाने हरद्वारला आपल्या हाती दिलेले पुस्तक साहेबांचे कसे, ही शंका त्यांनी सोडली नाही. त्यांनी जातिभेदाकडे पाठ फिरवण्यास सुरुवात केली होती, आपल्यातील चांगले वाचता येणारे चारपाच जण शिक्षक नेमले होते, आणि पापमुक्तीची खूण म्हणून सर्वांनी पांढरी वस्त्रे धारण केली होती. मेरठला येऊन बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती समाजात प्रवेश देणारा जलसंस्कार, घ्यावा असे त्यांना सुचवले गेले, तेव्हा सध्या सुगीसाठी घरी जायचे आहे, पुढल्या वर्षी पाहू, असे त्यांनी सांगितले.

सर्वांत महत्त्वाचे उत्तर प्रभुभोजनाविषयी होते. येशूने शिष्यांसह घेतलेल्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस एकत्र सेवन करण्याचा जो विधी ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी असतो, तो प्रभुभोजन होय. बाप्तिस्मा घेण्यास आणि इतर सर्व रीती पाळण्यास आपण तयार आहोत, परंतु प्रभुभोजन घेणार नाही, कारण युरोपियन लोक गोमांस खातात, अशी या मंडळींची भूमिका होती. सगळा देश हे भोजन स्वीकारील, तेव्हा आपणही स्वीकारू, एवढी सवलत त्यांनी ठेवली.

या संवादाकडे तत्कालीन मिशनरी वाचकांनी भोळ्या अज्ञानाचा नमुना म्हणून पाहिले. ते त्यांच्या दृष्टीला साजेसे असले, तरी त्याने प्रश्नकर्त्यांवर अन्याय होतो. आनंद मसीह यांचे उत्तर शास्त्राला धरून होते, परंतु ते अन्नाच्या शुद्धाशुद्धतेपुरते होते, आणि प्रश्न निव्वळ अन्नाचा नव्हता. एका पंगतीला बसणे म्हणजे एका बिरादरीचे होणे, हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच बाप्तिस्मा व्यक्तीपुरता राहू शकतो, प्रभुभोजन मात्र माणसाला राज्यकर्त्यांच्या पंगतीत नेऊन बसवते, हा भेद त्यांनी अचूक हेरला. ग्रंथ देवाचा असेल तर तो वाहून आणणाऱ्याच्या मालकीचा का मानावा, ही त्यांची दुसरी शंका तर पुढली शंभर वर्षे या देशातील ख्रिस्ती विचारवंतांना पुरली. दिल्ली आणि फर्रुखाबाद परिसरात साध नावाचा एकेश्वरवादी पंथ राहतो; मूर्तिपूजा न मानणे, मांसमद्य वर्ज्य करणे आणि पांढरी वस्त्रे वापरणे ही त्याची लक्षणे वनराईतील मेळाव्याच्या वर्णनाशी चांगली जुळतात. तसे असेल, तर ही मंडळी रिकाम्या मनाने पुस्तकाकडे आली नव्हती. आपल्या संतपरंपरेच्या कसोटीवर ती ते तपासून पाहत होती. खेदाची गोष्ट एवढीच की उत्तर देणाऱ्याचे नाव नोंदले गेले आणि इतके नेमके प्रश्न विचारणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थाचे नाही.

पुढल्याच वर्षी, 1818 मध्ये, बॅप्टिस्ट मिशनरी जॉन थॉम्पसन दिल्लीत आले आणि 1850 मध्ये मृत्यू येईपर्यंत बाजारांत आणि मेळ्यांत उपदेश करीत राहिले. त्यांच्या हयातीत दिल्लीतील सुशिक्षितांना मात्र या उपदेशाची फारशी दखल घ्यावीशी वाटली नाही. ती घ्यावी लागली मास्टर रामचंद्र यांच्यामुळे. 1821 मध्ये पानिपत येथे कायस्थ कुळात जन्मलेले रामचंद्र दिल्ली कॉलेजात विज्ञान शिकवीत, उर्दूत नियतकालिके चालवीत, आणि कलनशास्त्राचा आधार न घेता महत्तम-लघुतम मूल्यांचे प्रश्न सोडवणाऱ्या त्यांच्या 1850 च्या ग्रंथाची दखल इंग्रज गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी घेऊन तो पुढे लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करवला. सुशिक्षित इंग्रज स्वतः ख्रिस्ती धर्म मनापासून मानीत नसावेत, असा त्यांचा प्रथम समज होता. चर्चमध्ये जाणत्या इंग्रजांना गुडघे टेकून प्रार्थना करताना पाहिल्यावर तो दूर झाला, आणि मग त्यांनी बायबल वाचावयास घेतले, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. म्हणजे वनराईतील श्रोत्यांना ग्रंथ आणि साहेब यांचा मेळ लागत नव्हता, तर या गणितज्ञाला साहेबाच्या वर्तनातून ग्रंथाची वाट सापडली. 11 जुलै 1852 रोजी काश्मिरी दरवाजाजवळच्या सेंट जेम्स चर्चमध्ये रामचंद्र आणि डॉ. चिमनलाल यांचा बाप्तिस्मा झाला, शहरात मोठी खळबळ उडाली, आणि दोनच वर्षांनी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील, मिशनने दिल्लीत रीतसर काम सुरू केले.

त्याच सुमारास प्रश्नांचे स्वरूपही पालटले. कैराना येथील मौलाना रहमतुल्लाह यांनी डॉ. वझीर खान यांच्या साहाय्याने एप्रिल 1854 मध्ये आग्रा येथे जर्मन मिशनरी कार्ल फँडर यांच्याशी दोन दिवस जाहीर वाद केला. वादाचे विषय होते नस्ख, म्हणजे नंतरच्या ईश्वरी आज्ञेने आधीची आज्ञा रद्द होणे, आणि तहरीफ, म्हणजे मूळ ग्रंथाच्या पाठात झालेला फेरफार. हस्तलिखितांतील पाठभेदांवर युरोपातच चाललेल्या चिकित्सेचे ग्रंथ मौलानांच्या बाजूने अभ्यासले होते आणि फँडर त्यासाठी तयार नव्हते; लिखाणातील काही चुका त्यांना मान्य कराव्या लागल्या. या वादाने विद्वत्तेची पातळी निश्चित उंचावली, परंतु प्रश्न जिंकण्याहरण्याचा झाला, आणि शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या शंकेला अशा सभेत जागा उरली नाही. दिल्लीत जन्मलेले सय्यद अहमद खान यांनी 1862 पासून प्रसिद्ध केलेले बायबलवरील भाष्य या झुंजीपेक्षा अधिक समजूतदार वाट शोधते, आणि म्हणूनच ते उपेक्षित राहावे हे योग्य नव्हे.

1857 च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी दर गुरुवारी मिशनऱ्यांशी वाद घालीत होते. 15 जानेवारीला सुरू झालेल्या त्या सभा 28 मे रोजी थांबल्या. दिल्लीत तोवर प्रश्नोत्तरांची भाषाच संपली होती. 11 मे रोजी शहर बंडवाल्यांच्या हाती गेले, आणि पाद्री जेनिंग्ज, डॉ. चिमनलाल, बॅप्टिस्ट उपदेशक विलायत अली तसेच थॉम्पसन यांच्या कुटुंबातील स्त्रिया मारल्या गेल्या. रामचंद्र लपून बचावले आणि पुढे 1880 पर्यंत जगून इस्लामी आक्षेपांना उत्तरे देणारे ग्रंथ लिहीत राहिले.

बंडानंतर दिल्लीच्या ख्रिस्ती समाजात मोठी भर पडली ती चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांची, आणि त्यांच्यासोबत 1817 चा जुना प्रश्न नव्या कठोरपणाने परतला. 1877 मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज मिशनचे जॉर्ज लेफ्रॉय यांनी दरियागंजमधील या कारागिरांविषयी केलेले लेखन आजही मोलाचे आहे. बाप्तिस्मा घेतलेले अनेक जण बिरादरीच्या लग्नविधींत, हुक्क्यात आणि जेवणात पूर्वीप्रमाणेच सहभागी होत. अखेर पंचायतीत गंगाजलाच्या साक्षीने बिरादरी की ख्रिस्त अशी निवड करण्याची वेळ आली, तेव्हा ख्रिस्ताच्या बाजूने उघड उभे राहणारे थोडेच निघाले. मिशनने काही कुटुंबांसाठी स्वतंत्र वस्ती केली आणि रविवारी काम न करणे, जन्म, लग्न व मृत्यू यांचे विधी केवळ ख्रिस्ती पद्धतीने करणे, चरस न ओढणे अशा अटी घातल्या. शिस्तीच्या दृष्टीने या अटी समजण्याजोग्या आहेत. परंतु ज्याच्या मुलीचे लग्न बिरादरीबाहेर जमण्याची शक्यता नव्हती आणि ज्याचा कच्चा माल बिरादरीकडूनच येत होता, त्याच्या प्रश्नाला स्वतंत्र वस्ती हे अपुरे उत्तर होते, आणि पंचायतीत मागे सरलेल्यांना भित्रे ठरवणे हे निष्ठुरपणाचे आहे.

शास्त्र साहेबांचे कसे, या शंकेचे उत्तर काही अंशी एका नेमणुकीने दिले. केंब्रिज मिशननेच 1881 मध्ये सुरू केलेल्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या प्राचार्यपदी 1906 मध्ये सुशील कुमार रुद्र आले. याच मिशनचे इंग्रज सदस्य चार्ल्स अँड्र्यूज यांनी भारतीय प्राचार्याचा आग्रह धरला आणि रुद्र यांच्या हाताखाली काम करणे पत्करले. युरोपियन माणूस भारतीयाच्या अधिकाराखाली आनंदाने वागतो, हे दिल्लीकरांना येथे दिसले, आणि ज्या भेदामुळे वनराईतील मंडळी प्रभुभोजनापासून दूर राहिली होती, त्याला धक्का पोहोचवण्याचे सामर्थ्य कोणत्याही वादग्रंथापेक्षा या वागण्यात अधिक होते.

बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र ख्रिस्ती लोकांच्या आपसांतही शिल्लक होता. थॉम्पसन यांच्या बॅप्टिस्ट परंपरेत विश्वास स्वतः कबूल करू शकणाऱ्या प्रौढालाच हा संस्कार मिळे, अँग्लिकन परंपरेत तो तान्ह्या बाळालाही दिला जाई, आणि त्यामुळे एकाच शहरात राहणाऱ्या दोन ख्रिस्ती शेजाऱ्यांना आपापल्या पाळकांकडून दोन वेगळी उत्तरे मिळत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा बॅप्टिस्ट आणि अँग्लिकन दोघेही तिच्यात सामील झाले, दिल्ली हे तिचे मुख्यालय ठरले, आणि तिच्या घटनेने बालपणीचा व प्रौढपणीचा असे बाप्तिस्म्याचे दोन्ही मार्ग ग्राह्य मानले.