झोपेच्या आजारावरचं औषध लहान मुलांच्या कॅन्सरपर्यंत कसं पोहोचलं?

'जंताच्या औषधानं कॅन्सर बरा होतो' असे व्हिडिओ आणि फॉरवर्ड मुंबईच्या उपनगरांतल्या सोसायटी ग्रुपवरही फिरत असतात. परजीवींवरची काही औषधं कॅन्सरसाठी तपासली गेली आहेत, आणि त्यातल्या एकाला लहान मुलांच्या कॅन्सरसाठी मान्यताही मिळाली आहे. पण ते जंताचं औषध नाही. शिवाय मान्यतेपर्यंत पोहोचायला त्याला अनेक वर्षांच्या चाचण्यांमधून जावं लागलं.

कोणतं औषध, कोणता आजार?

औषधाचं नाव एफ्लॉर्निथिन. संशोधक त्याला डीएफएमओ म्हणतात. आफ्रिकेत त्से-त्से माशीमुळे पसरणाऱ्या 'स्लीपिंग सिकनेस' म्हणजे झोपेच्या आजारावर ते वापरलं गेलं. १३ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या एफडीएने त्याला उच्च जोखमीच्या न्यूरोब्लास्टोमासाठी मान्यता दिली.

न्यूरोब्लास्टोमा हा प्रामुख्याने पाच वर्षांखालच्या मुलांना होणारा कॅन्सर आहे. अपरिपक्व चेतापेशींपासून तो तयार होतो आणि बहुतेकदा मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत सुरू होतो. उच्च जोखमीच्या प्रकारात केमोथेरपी, शस्त्रक्रिया, रेडिएशन, स्टेम सेल प्रत्यारोपण आणि इम्युनोथेरपी हे सगळं झाल्यावरही आजार परत येण्याची भीती राहते. एफ्लॉर्निथिनच्या गोळ्या या सगळ्या उपचारांनंतर, दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त दोन वर्षं दिल्या जातात.

एकच औषध दोन आजारांवर कसं चालतं?

पेशी वाढण्यासाठी पॉलिअमाइन नावाची रसायनं लागतात. ती बनवणाऱ्या एका एन्झाइमला एफ्लॉर्निथिन बंद पाडतं. माणसाच्या पेशी हे एन्झाइम झटपट नव्यानं तयार करतात. झोपेच्या आजाराच्या परजीवीला ते तितक्या वेगानं जमत नाही, म्हणून त्याची वाढ थांबते. न्यूरोब्लास्टोमाच्या अनेक गाठींमध्ये 'एमवायसीएन' हे जनुक अतिसक्रिय असतं आणि ते याच एन्झाइमचं प्रमाण वाढवतं. त्यामुळे कॅन्सरच्या पेशीही पॉलिअमाइनवर अवलंबून असतात.

सुरुवात कॅन्सरपासूनच

एफ्लॉर्निथिन १९७० च्या दशकात मुळात कॅन्सरसाठीच तयार झालं होतं. मोठ्यांच्या कॅन्सरवर अपेक्षित यश आलं नाही. पुढे ते परजीवीवर चालतं हे लक्षात आलं आणि १९९० मध्ये झोपेच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. पण रुग्ण गरीब, नफा नाही, म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर उत्पादन थांबलं. २००० मध्ये हेच रसायन महिलांच्या चेहऱ्यावरचे केस कमी करणाऱ्या क्रीमच्या रूपात अमेरिकेच्या बाजारात आलं. जागतिक दबावानंतर २००१ मध्ये कंपनीनं जागतिक आरोग्य संघटनेला औषध मोफत पुरवण्याचा करार केला.

लहान मुलांच्या कॅन्सरकडे लक्ष वळलं ते दुसऱ्याच एका औषधामुळे. अमेरिकेत न्यूरोब्लास्टोमाच्या एका लहान रुग्णाला 'चागास' हा परजीवी आजारही झाला होता. त्यासाठी निफर्टिमॉक्स दिल्यावर कॅन्सरची गाठही कमी झाल्याचं डॉ. गिझेल शॉलर यांच्या लक्षात आलं. मग प्रयोगशाळेतले अभ्यास आणि रुग्णांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. निफर्टिमॉक्सला कॅन्सरसाठी मान्यता मिळाली नाही. पण शॉलर यांच्या गटानं एफ्लॉर्निथिनवरही काम केलं आणि ते पुढे गेलं.

आकडे काय सांगतात?

औषध घेतलेल्या ९० मुलांची तुलना आधीच्या एका चाचणीतल्या, हे औषध न घेतलेल्या २७० मुलांशी करण्यात आली. आजार उलटण्यासारख्या घटनांचा धोका सुमारे ५२ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ६८ टक्क्यांनी कमी दिसला.

इथे एक 'पण' आहे. ही मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागलेली नव्हती, तुलना बाहेरच्या गटाशी होती. त्यामुळे तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. एफडीएच्या सल्लागार समितीत १४ जणांनी बाजूनं, तर ६ जणांनी विरोधात मत दिलं. ऐकू कमी येणं, यकृतावर परिणाम आणि रक्तपेशी कमी होणं हे धोकेही नोंदवले गेले आहेत.

भारताशी आणि महाराष्ट्राशी संबंध

त्से-त्से माशी भारतात नाही. तरीही चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला याच कुळातल्या परजीवीची बाधा झाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. हा परजीवी एरवी जनावरांना 'सर्रा' हा आजार करतो. झोपेच्या आजारावरचंच सुरामिन देऊन त्यांच्यावर उपचार झाले.

कॅन्सरकडून परजीवीकडे जाण्याचं उदाहरणही भारतातच आहे. मिल्टेफोसिन हे कॅन्सरसाठी तयार झालेलं औषध काळा आजारावर तपासलं गेलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत २९९ रुग्णांना ते तोंडावाटे दिलं गेलं आणि ९४ टक्के बरे झाले.

मग पालकांनी काय करायचं?

बोरिवली असो वा मुलुंड, मुलाला कॅन्सर झाल्यावर अनेक घरांची पावलं परळच्या टाटा मेमोरियलकडे वळतात. अशा वेळी फॉरवर्ड वाचून घरच्या घरी औषध सुरू करणं किंवा चालू उपचार थांबवणं मुलाच्या जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना हे विचारा:

• हे औषध आपल्या मुलाच्या कॅन्सरच्या प्रकारावर आणि टप्प्यावर तपासलं गेलंय का?

• चाचणी असेल, तर ती 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'वर नोंदलेली आहे का? २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि माहिती कुणालाही मोफत पाहता येते.

• संमतीपत्र मराठीत मिळेल का? संमती पालकांची लागते, पण सात वर्षांवरच्या मुलाचा होकारही घ्यावा लागतो. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

• चाचणीमुळे त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार? २०१९ च्या नियमांत याची तरतूद आहे.

देशात मान्यता नसलेलं औषध डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवर, वैयक्तिक वापरासाठी थोड्या प्रमाणात आयात करायचा परवाना मागता येतो. त्याचा निर्णयही उपचार करणाऱ्या बालकॅन्सरतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.